कांचनजंगा कुठून पाहावी, आणि त्यासाठी मुक्काम किती ठेवावा

दिवाळीच्या सुट्टीत सत्तरीच्या आसपासचे आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी यांच्यासह सात दिवसांसाठी दार्जिलिंग-सिक्कीमला जायचे आहे, कांचनजंगा सर्वांत चांगली कुठून दिसते आणि त्यासाठी टायगर हिल या टेकडीवर पहाटे जाणे आवश्यकच आहे का, असा आपला प्रश्न आहे. गेली तेवीस वर्षे मी महाराष्ट्रातून प्रवाशांचे गट या भागात घेऊन जात आहे आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक सहलीपूर्वी विचारला जातो. माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. सहा रात्रींपैकी तीन दार्जिलिंगला आणि तीन पश्चिम सिक्कीममधील पेलिंगला काढाव्यात, गंगटोक या वेळी सोडून द्यावे, आणि दोन्ही ठिकाणी अशी निवासव्यवस्था निवडावी की पहाटे अंथरुणातून उठून पन्नास पावलांत शिखर समोर यावे. टायगर हिलला जायचे की नाही हा त्यानंतरचा प्रश्न आहे आणि आपल्या कुटुंबापुरता तो दुय्यम आहे.

कांचनजंगा 8,586 मीटर उंच असून एव्हरेस्ट आणि के-टू यांच्यानंतर जगातील तिसरे उंच शिखर आहे. ते सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमेवर उभे आहे. एव्हरेस्टची उंची 1856 मध्ये जाहीर झाली, त्यापूर्वी काही काळ हेच जगातील सर्वोच्च शिखर मानले जात होते, आणि दार्जिलिंगहून ते पाहिल्यावर तसे का वाटले असेल हे लगेच कळते. मराठीत आपण पुष्कळदा ‘कांचनगंगा’ म्हणतो आणि त्यात सोने व नदी दोन्ही ऐकतो. मूळ तिबेटी नावाचा अर्थ मात्र ‘महाहिमाची पाच भांडारे’ असा आहे आणि तो तिच्या पाच शिखरांकडे निर्देश करतो. पहाटेच्या सोनेरी रंगामुळे आपला चुकीचा अर्थही तिला शोभून दिसतो, एवढे खरे.

या पर्वताच्या दर्शनाचे वैशिष्ट्य त्याच्या उंचीइतकेच त्याच्या पायथ्यात आहे. दार्जिलिंग सुमारे 2,000 मीटर उंचीवर वसले आहे, परंतु दार्जिलिंग आणि शिखर यांच्यामध्ये रंगीत नदीचे खोरे आहे आणि ते काहीशे मीटर उंचीपर्यंत खाली उतरते. त्यामुळे चहाचे मळे, त्याखालचे उष्ण, दमट खोरे, पलीकडच्या जंगलाने झाकलेल्या निळ्या रांगा आणि त्यांच्या वर बर्फाची भिंत, असा सारा पट एकाच नजरेत सामावतो. हिमालयात आणखी उंच जागी जाऊन आणखी जवळून शिखरे पाहता येतात, पण तेथे आपण स्वतःच चार-पाच हजार मीटरवर असतो आणि समोरचे शिखर त्या मानाने ठेंगणे भासते.

आता मुक्कामाचे कारण. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मोसमी पाऊस या भागातून माघार घेतो, धूळ धुऊन गेलेली असते, हवा कोरडी होते, आणि तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या सकाळी वर्षातील सर्वांत स्वच्छ असतात. तरीही स्वच्छ सकाळ ही काही तासांचीच असते. सूर्य वर आला की डोंगरउतार तापतात, खोऱ्यांतील दमट हवा उतारांवरून वर चढू लागते, वर जाता जाता ती थंड होते आणि तिचे ढग बनतात. नऊ-दहाच्या सुमारास पांढरे पुंजके कमरेला लागतात आणि दुपारपर्यंत पर्वत पूर्ण झाकला जातो, हा चांगल्या दिवसाचासुद्धा नेहमीचा क्रम आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर सलग दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. म्हणून ‘कुठून’ या प्रश्नाइतकाच ‘किती सकाळी’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः पाच रात्रींत चार गावे दाखवीत असे, प्रत्येक गावात एकच सकाळ मिळे आणि तीही सामान बांधण्यात जाई. शिखर न पाहताच परतलेल्या त्या गटांची आठवण मला आजही अस्वस्थ करते. तेव्हापासून ज्या गावी शिखर पाहण्यासाठीच थांबायचे, तेथे तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम मी ठेवत नाही.

दार्जिलिंगमध्ये शिखर पाहण्याची माझी सर्वांत आवडती जागा टायगर हिल नाही. चौरस्ता या दार्जिलिंगच्या मुख्य चौकातून ऑब्झर्व्हेटरी हिल या टेकडीला वळसा घालणारा जो जवळजवळ सपाट रस्ता आहे, त्याच्या उत्तरेकडच्या अंगाला कठडा आहे, बसायला बाके आहेत आणि समोर कांचनजंगेची संपूर्ण रांग उघडी आहे. वाहनांची वर्दळ नाही, चढ नाही, तिकीट नाही. वडीलधाऱ्यांना घेऊन पहाटे साडेपाचला काठी टेकत निघाले तरी पंधरा मिनिटांत तेथे पोहोचता येते आणि थंडी सोसेना तर तितक्याच वेळात खोलीवर परतता येते. स्थानिक वृद्ध मंडळी रोज सकाळी याच रस्त्यावर फेरी मारतात आणि पर्वताकडे पाहून हात जोडून पुढे जातात. टेकडीच्या माथ्यावर महाकालाचे मंदिर आहे. ते अवश्य पाहावे, पण तेथे झाडे आणि पताका दाट असल्यामुळे शिखराचे दर्शन खालच्या रस्त्यावरूनच अधिक मोकळे मिळते.

टायगर हिल शहरापासून सुमारे 11 किलोमीटरवर, 2,590 मीटर उंचीवर आहे. तिचे खरे महत्त्व असे की तेथून पश्चिमेकडे, सुमारे 170 किलोमीटरवरील एव्हरेस्टचे टोक अतिशय स्वच्छ सकाळी दिसते. ते दिसते तेव्हाही एका लहानशा त्रिकोणाएवढेच असते, आणि जवळ असलेले मकालू हे शिखर त्याच्यापेक्षा मोठे भासते, त्यामुळे बहुतेक जण मकालूलाच एव्हरेस्ट समजून परततात. यासाठी पहाटे साडेतीनला उठावे लागते, जीपगाड्यांच्या रांगेत थांबावे लागते आणि गर्दीत उभ्यानेच सूर्योदय पाहावा लागतो. वाहनांच्या संख्येवर तेथे निर्बंध असतात, म्हणून जायचे ठरले तर आदल्या दिवशीच चालकाकडून परवान्याची खात्री करून घ्यावी. आपल्या मुलीला आणि आपल्याला हौस असेल तर दोघांनी जावे आणि आई-वडिलांना चौरस्त्यावर सोडावे. तेथे पोहोचल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सूर्य पूर्वेला उगवतो आणि कांचनजंगा उत्तरेला आहे. सारी गर्दी पूर्वेकडे तोंड करून सूर्यबिंबाची वाट पाहत असते, आणि बिंब क्षितिजावर येण्यापूर्वीच काही मिनिटे शिखराच्या टोकावर पहिला किरण पडलेला असतो. इतक्या उंचीवर सूर्य आधी दिसतो, आणि क्षितिजालगतच्या हवेच्या लांब थरातून येताना प्रकाशातील निळा भाग विखरून गेलेला असल्यामुळे तो पहिला रंग लाल असतो. सूर्याकडे पाठ न करता, पण डावीकडे मान वळवून, लक्ष तेथे ठेवावे.

वेळेविषयी महाराष्ट्रातील प्रवाशांची हमखास गल्लत होते, म्हणून तेही सांगतो. दार्जिलिंग मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे तेथे घड्याळाच्या मानाने सूर्य जवळजवळ एक तास आधी उगवतो. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्योदय सहाच्या थोडा आधी होतो आणि पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतोही. मे महिन्यात सूर्योदय पावणेपाचच्या आसपास असतो. ‘सकाळी सातला नाश्ता करून पाहू’ असे म्हणणारा प्रवासी दर्शनाचा सर्वोत्तम तास झोपेत घालवतो.

घूम आणि दार्जिलिंग यांच्यामधील बतासिया लूप येथे छोट्या रेल्वेचा मार्ग स्वतःभोवती वळसा घेतो, मध्ये गुरखा सैनिकांचे स्मारक आहे आणि मागे हिमशिखरे आहेत. 1881 पासून धावणारी ही रेल्वे 1999 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली. मुलीसाठी दार्जिलिंग-घूम फेरी घ्यावी, मात्र दिवसातील पहिल्या गाड्यांपैकी एखादीचे तिकीट आगाऊ काढावे. दुपारच्या फेरीत रेल्वेचा आनंद मिळतो, पण पर्वत बहुधा ढगांत असतो.

दार्जिलिंगहून चौथ्या दिवशी सकाळी जोरथांगमार्गे पेलिंगला जावे. रस्ता खोल खोऱ्यात उतरून पुन्हा चढतो, वळणे पुष्कळ आहेत, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी पोटाला हलका आहार ठेवून पुढच्या आसनावर बसावे. भारतीय नागरिकांना पेलिंगसाठी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र सर्वांचे जवळ असावे, मुलीचेही. दार्जिलिंगहून शिखर सरळ रेषेत साधारण 74 किलोमीटर दूर आहे, तर पेलिंगहून ते अंतर 45 किलोमीटरच्या आसपास येते. हा फरक आकड्यांत लहान वाटतो, डोळ्यांना तो फार मोठा आहे. हात लांब करून मूठ डोळ्यांच्या रेषेवर धरली तर दार्जिलिंगहून शिखर साधारण अर्ध्या मुठीइतके वर दिसते. पेलिंगहून ते जवळजवळ पूर्ण मुठीच्या उंचीला पोहोचते.

याच कारणामुळे पहिल्यांदा आलेल्या माणसाची नजर चुकते. एका वर्षी नोव्हेंबरमध्ये माझ्या गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या. पेलिंगमधील पहिल्या दोन्ही सकाळी ढगांत गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी दार वाजवले आणि त्या शालीत गुंडाळून गच्चीवर आल्या. कठड्याचे लोखंड दवाने ओले आणि इतके गार होते की त्यांनी हात टेकवून लगेच मागे घेतला. खाली दरीत कुठेतरी कुत्रे भुंकत होते आणि एका घरातून चुलीचा धूर सरळ रेषेत वर येत होता. त्या समोरच्या काळ्या डोंगररांगेकडे एकटक पाहत होत्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “आजही नाहीच का?” मी म्हणालो, “बाई, मान आणखी वर करा.” त्यांनी वर पाहिले. ज्याला त्या इतका वेळ राखाडी ढग समजत होत्या, तोच पर्वत होता. त्याच सुमारास टोकावर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका उमटला. तो हळूहळू रुंदावत खाली सरकू लागला, मग शेजारच्या काब्रू या शिखराचा माथा पेटला, आणि लाल रंगाचा तांबूस, तांबुसाचा सोनेरी आणि सोनेरीचा पांढरा होईपर्यंत पाव तास गेला असेल. बाई त्या वेळात एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी छायाचित्रही काढले नाही. खाली उतरताना त्यांनी फक्त एवढेच विचारले की उद्या निघण्यापूर्वी पुन्हा येता येईल का, आणि दुसऱ्या दिवशी त्या माझ्याआधी गच्चीवर उभ्या होत्या.

पेलिंगहून शिखरे ओळखायची तर डावीकडे काब्रूची रुंद भिंत आणि उजवीकडे पंडिमचा टोकदार सुळका लक्षात ठेवावा. काब्रू अलीकडे असल्यामुळे मोठा भासतो आणि नवखी माणसे त्यालाच कांचनजंगा समजतात. दोहोंच्या मध्ये, किंचित मागे उभे असलेले रुंद खांद्यांचे शिखर ते मुख्य. वरच्या पेलिंगमधील हेलिपॅडच्या मोकळ्या मैदानावरून ही सारी रांग अडथळ्याविना दिसते. दिवसा पेमायांगत्से मठ आणि राबदेन्त्से या सिक्कीमच्या जुन्या राजधानीचे अवशेष पाहावेत. अवशेषांपर्यंत जंगलातून थोडे चालावे लागते, पण वाट सावलीची आहे आणि वडिलांनी सावकाश चालल्यास जमण्यासारखी आहे. काचेच्या स्कायवॉकची चर्चा फार होते. तेथील चेनरेझिग या करुणेच्या बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती पाहण्यासारखी आहे, शिखरदर्शनासाठी मात्र हेलिपॅडच चांगले. ज्यांना पेलिंगमधील हॉटेलांची दाटी नको असेल त्यांनी रिंचेनपोंग किंवा कालुक या शांत गावांचा विचार करावा. तेथून शिखर थोडे दूर असले तरी रांग अधिक रुंद दिसते.

गंगटोक मी का सोडायला सांगतो, तेही स्पष्ट करतो. ताशी व्ह्यू पॉइंट आणि गणेश टोक येथून कांचनजंगा वायव्येला दिसते, सोबत सिनिओल्चूचे देखणे शिखर असते आणि सकाळचे ऊन पाठीमागून येत असल्यामुळे प्रकाशही चांगला पडतो. परंतु गंगटोकला जाणारे बहुतेक जण त्सोमगो सरोवर आणि नथुला खिंड यांसाठी जातात, त्यासाठी परवाने लागतात, पहाटे गाडीत बसावे लागते, आणि नथुलाची 4,000 मीटरहून अधिक उंची सत्तरीच्या माणसांना झेपेलच असे नाही. सात दिवसांत तिसरे गाव घेतले की वळणांच्या रस्त्यावरचे तास वाढतात आणि सकाळी कमी होतात. दहा दिवस असते तर मी पेलिंगनंतर रावंगलाला एक रात्र सुचवली असती, जेथे बुद्धाच्या उंच मूर्तीमागे हिमशिखरे दिसतात, आणि त्यानंतर गंगटोक. कालिंपोंगच्या डेलो टेकडीवरूनही दर्शन चांगले होते, पण पेलिंग पाहिल्यावर त्यासाठी वेगळा मुक्काम करावा असे मला वाटत नाही.

पुढे कधी आपण दोघेच किंवा मित्रांसह आलात, तर संदकफूला जावे. 3,636 मीटर उंचीची ही जागा पश्चिम बंगालमधील सर्वोच्च स्थान आहे आणि माझ्या मते रस्त्याने पोहोचता येणाऱ्या जागांत हिच्या तोडीची दुसरी नाही. कुंभकर्ण शिखर मस्तकासारखे आणि कांचनजंगा देहासारखी, अशी आडव्या झालेल्या मनुष्याकृतीची जी रांग ‘निद्रिस्त बुद्ध’ म्हणून प्रसिद्ध आहे, ती येथून पूर्ण दिसते. शिवाय पश्चिमेला एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू एका ओळीत उभे असतात, म्हणजे जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार एका जागी उभे राहून पाहता येतात. मानेभंज्यांगहून जुन्या लँड रोव्हर गाड्या वर जातात, चालत जाणाऱ्यांना तीन-चार दिवस लागतात, आणि पावसाळ्यात सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असते. आई-वडिलांना मात्र तेथे मुक्कामाला नेऊ नये. एका दिवसात इतक्या उंचीवर चढून रात्र काढल्यास डोकेदुखी, मळमळ, धाप असा उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होतो, वैद्यकीय मदत दूर असते आणि रात्री खाली उतरणे कठीण असते. युक्सोमहून झोंगरी आणि गोएचा ला या वाटेवर पर्वत आणखी जवळ येतो, पण ती आठ-दहा दिवसांची खरी पदयात्रा आहे आणि तिची तयारी वेगळी.

निवास ठरवताना ‘माउंटन व्ह्यू’ या शब्दांवर विसंबू नये. दूरध्वनीवर तीन प्रश्न विचारावेत. शिखर नेमक्या या खोलीतून दिसते की केवळ गच्चीवरून, समोर नवे बांधकाम झाले आहे का, आणि गच्ची पहाटे पाचला उघडी असते का. एकदा एका हॉटेलच्या गच्चीला कुलूप होते आणि किल्ली असलेला माणूस आठला येणार होता, तेव्हापासून तिसरा प्रश्न मी कधीच विसरत नाही. गच्चीवरून दिसत असेल तर तेवढे पुरेसे आहे, खोलीच्या खिडकीसाठी जादा भाडे देण्याची गरज नाही.

सोबत आठपट मोठे दाखवणारी एक दुर्बीण घ्यावी. तिच्यातून शिखरावरून वाऱ्याने उडणारा बर्फाचा झोत दिसतो आणि मुलीला तो पर्वत चित्रासारखा न वाटता जिवंत वाटेल. मोबाइलने छायाचित्र घेताना पडद्यावर बर्फावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, नाहीतर पुढच्या अंधाऱ्या डोंगरामुळे बर्फ पांढरा फटक होतो आणि त्यावरचा रंग निघून जातो. कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमध्ये गरम पाणी खोलीतून निघतानाच घ्यावे, कारण उघड्यावर स्वस्थ उभे राहिल्यावर लागणारी थंडी चालताना लागणाऱ्या थंडीपेक्षा कितीतरी अधिक असते.

सिक्कीममधील लोकांसाठी हा पर्वत रक्षक देवता आहे. पांग ल्हाबसोल हा त्याच्या पूजेचा सण तेथे दरवर्षी होतो. 25 मे 1955 रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक प्रथम वर पोहोचले, तेव्हा सिक्कीमच्या भावनेचा मान राखून ते माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले, आणि ही प्रथा त्यांच्यानंतरच्या अनेक गिर्यारोहकांनी पाळली. पेलिंगच्या गच्चीवर मुलीला ही हकिकत जरूर सांगावी. नुकत्याच उजळलेल्या त्या टोकाकडे बोट दाखवून सांगितली, तर ती तिच्या लक्षात राहील.

दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली असेल तर सुट्टीचा पहिला आठवडा घरी काढून उत्तरार्धात निघावे. बागडोग्रा विमानतळासाठी मुंबईहून किंवा दिल्लीहून जाताना डाव्या बाजूची खिडकी मागावी, कारण हिमालय उत्तरेला राहतो आणि दिल्लीहून येताना तर तो बराच वेळ सोबत असतो. परतताना उजवी बाजू घ्यावी. पेलिंगहून बागडोग्र्याला पाच-सहा तास लागतात आणि खोऱ्यातील रस्त्यावर दरड किंवा वाहतूक कधी अडवील याचा नेम नसतो, म्हणून शेवटच्या दिवशीचे विमान दुपारी तीननंतरचेच असावे. पेलिंगहून सकाळी सातला निघालात, तर त्या दिवशीचा सूर्योदयही गच्चीवरून पाहून निघता येईल.